दोन नंबरचं डोकं

"एक नंबरला ती घशातून बोलते, वहिनी. दोन नंबरला पोटातून. हे लिहून घ्या."

सत्यजितनं हे सांगितलं तेव्हा आमची लाल गाडी वाघबिळाचा चढ दुसऱ्यांदा चढून खाली उतरत होती, आणि मी मागच्या सीटवर वही मांडीवर घेऊन बसले होते. वही शाल्मलीची, म्हणजे माझ्या सात महिन्यांच्या मुलीची. दूध किती वाजता, झोप किती मिनिटं, ताप किती, असं सगळं मी तिच्यात टिपून ठेवत असे. शेवटचे दोन रकाने शू आणि शी यांचे. आमच्या घरात त्यांना एक नंबर आणि दोन नंबर म्हणायची पद्धत होती. आयते रकाने असताना नवं पान कशाला आखा, म्हणून पोटातून येणारा आवाज मी दोन नंबरखाली लिहिला.

"पोटातून न्हाई लगा," स्टिअरिंगवरून दिग्विजय म्हणाला. "छातीतून. पोटातून ट्रक बोलतो."

"छाती लिहू की पोट?" मी विचारलं.

"दोन्ही लिहा वहिनी, मधे तिरकी रेघ मारा," सत्यजित म्हणाला.

दिग्विजय माझा नवरा, सत्यजित त्याचा शाळेपासूनचा मित्र. दोघंही एरवी शहाणे होते. दिग्विजय फाउंड्रीत इंजिनिअर, सत्यजितचं औषधांचं दुकान. पण ही गाडी मधे आली की दोघं मुलगी बघायला गेलेल्या मामा-काकांसारखे बोलायला लागत. चाल कशी, आवाज कसा, धाप लागते का.

हे सगळं अकरा वर्षांपूर्वीचं, कोल्हापुरातलं. गाडीचं इंजिन ज्या लहानशा कॉम्प्युटरच्या हुकमावर चालतं त्याला आमचे मिस्त्री बाबालालभाई 'डोकं' म्हणत. कंपनीनं दिलेली फाइल काढून त्या डोक्यात दुसरी घातली की तीच गाडी जास्त पिकअप घेते. याला ट्यूनिंग म्हणतात हे मला लग्नानंतर कळलं. त्याआधी ट्यूनिंग फक्त तंबोऱ्याचं करतात अशी माझी समजूत होती.

आता फाइली दोन झाल्या होत्या. एक बाबालालभाईंनी उद्यमनगरातल्या आपल्या गॅरेजात, वेगवेगळ्या गाड्यांवर सहा महिने घासून बनवलेली. दुसरी सत्यजितनं पुण्याच्या कुणा तज्ज्ञाकडून ई-मेलनं मागवलेली. तज्ज्ञानं आमची गाडी पाहिलेली नव्हती, पण फाइलीसोबत इंग्रजीत चार पानं आली होती, आणि त्यामुळे सत्यजितचा तिच्यावर फार विश्वास होता. दिग्विजयचा विश्वास बाबालालभाईंवर. कुठली ठेवायची, हा वाद महिनाभर आमच्या हॉलमध्ये, शाल्मलीच्या झोपेच्या वेळात चालला होता.

माझा प्रश्न वेगळा होता. रविवारी शाल्मलीचं उष्टावण होतं, माझ्या माहेरी, वैभववाडीला. भावाच्या मांडीवर बसून ती खिरीचा पहिला घास घेणार होती. म्हणजे गगनबावड्यापर्यंतचा रस्ता आणि खाली करूळचा घाट, याच गाडीतून. आणि दिग्विजयनं जाहीर केलं होतं, "जी फाइल शनिवारी जिंकंल तीच घालून रविवारी घाट उतरायचा."

रात्री शाल्मलीच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे का बघणारी बाई मी. तिच्यासाठी मी बेबी सीट मागवली होती, तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "लेकराला खुर्चीला बांधून न्यायला त्यानं काय गुन्हा केलाय व्हय?" मला फक्त एवढंच हवं होतं की माझी मुलगी त्या गाडीतून धडपणी मामाच्या मांडीवर पोचावी.

शुक्रवारी वाद फारच चढला तेव्हा मीच म्हणाले, "तुम्ही नावं झाकून का बघत नाही?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"आम्हाला कॉलेजात शिकवलंय." मी मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर, हे घरात फक्त बाटल्या उकळताना आठवलं जाई. "बघणाऱ्याला नमुन्याचं नाव कळू द्यायचं नसतं. नाव कळलं की त्याला हवं तेच दिसतं. बाबालालभाई आधी एक फाइल घालतील, मग दुसरी. कुठली कुठली ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करतील. तुम्ही चालवा, निकाल द्या, मग चिठ्ठी उघडा."

"नाद खुळा, वहिनी!" सत्यजित म्हणाला. "पाकीट तुमच्याकडं. तुम्ही तटस्थ."

दिग्विजयनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. प्रसूतीनंतर असं कौतुक पहिल्यांदाच वाट्याला आलं होतं. मी ते घेतलं.

शनिवारी सकाळी शाल्मलीला सासूबाईंकडे ठेवून आम्ही गॅरेजात गेलो. गाडी दोन आठवडे तिथेच होती, कारण तिला नवा सायलेन्सर बसवायचा होता. बाबालालभाईंनी ती चालू केली तर शेजारच्या शेडमधला लेथवाला बाहेर येऊन बघून गेला.

"नुसता आवाज ऐकूनच समजतंय," दिग्विजय म्हणाला.

"आवाज वाढला की माणसाला वेग वाढल्यासारखा वाटतो, साहेब," बाबालालभाई म्हणाले आणि लॅपटॉप उघडला. साठीचा माणूस, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. डोक्यात फाइल घालायला वीस मिनिटं लागत. तेवढ्यात दोघं समोरच्या टपरीवर चहाला गेले. मी मागे राहिले, बाबालालभाईंशी थोडं बोलले, आणि मग मीही चहाला गेले.

एक नंबरनं वाघबीळ, परत गॅरेज, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा चहा, दोन नंबरनं वाघबीळ. मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचं म्हटलं तर सत्यजित हसला.

"स्टॉपवॉचला काय कळतंय वहिनी? हे बुडाला कळतं."

स्टॉपवॉचनं तसंही काही हाती लागलं नसतं. एका फेरीला म्हशी आडव्या आल्या, दुसरीला वऱ्हाडाची गाडी. बुडांना मात्र बरंच काही कळत होतं. एक नंबर खालून आळशी, पण वर जीव आहे. दोन नंबर लगेच उचलते, मधे पोकळ नाही, धूर कमी. एक नंबर रागीट, दोन नंबर हुशार. मी सगळं लिहून घेतलं. गॅरेजात परतलो तोवर महिनाभर भांडणाऱ्या त्या दोघांचं एकमत झालं होतं, दोन नंबर सरस.

"दोन नंबर म्हणजे बाबालालभाईच," दिग्विजय म्हणाला. "हात ओळखू येतोय. उघड पाकीट."

मी उघडलं. बाबालालभाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: १ - बाबालाल. २ - पुणे.

सत्यजितनं गाडीच्या टपावर दोन्ही हातांनी ताशा वाजवला. दिग्विजयचा चेहरा पडला, पण तो न्यायाचा माणूस. म्हणाला, "ठीक आहे. मधला पोकळपणा भरलाय, मान्य करायला पाहिजे. पुण्याच्या माणसाला समज आहे."

"अरे समज म्हणजे? शास्त्र आहे ते!" सत्यजित म्हणाला. मग बाबालालभाईंच्या खांद्यावर हात टाकून, अगदी प्रेमानं, "वाईट वाटून घेऊ नका भाई. पण गावठी ते गावठीच, न्हवं?"

बाबालालभाई पान्ह्याचं तेल पुसत होते. ते पुसतच राहिले. "व्हय की," म्हणाले. "हारली माझी."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी वहीत बघत होते.

संध्याकाळी सासूबाईंनी दुधाची वेळ बघायला वही उघडली आणि स्वयंपाकघरातून हाक मारली. "हेमांगी! हे काय गं? दोन नंबर छातीतून, तिरकी रेघ, पोटातून. लगेच उचलते. धूर कमी. डॉक्टरला दाखवलंस का न्हाई?"

"ते गाडीचं आहे, आई."

"आणि एक नंबर रागीट?"

"तेही गाडीचंच."

त्यांनी वही मिटली. "लेकराची वही लेकराला ठेवा. गाडीला दुसरी आणा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

रविवारी साडेआठला निघालो. मी मागे, शेजारी बेबी सीटमध्ये शाल्मली, पायाशी चार पिशव्या. उष्टावणासाठी चार दिवस घोकून ठेवलेली यादी मी कळे गाव येईपर्यंत तीनदा तपासली. चांदीची वाटी, चमचा, उकळलेलं पाणी, जास्तीचे कपडे, तापाचं औषध. मुहूर्त साडेअकराचा होता.

दिग्विजय खुशीत होता. उतारावर, चढावर, सरळ रस्त्यावर, दर पाच मिनिटांनी म्हणे, "बघ, कसं ओढतेय." मी हूं म्हणायची. त्याचा वेग साठच्या वर जात नव्हता, रस्ता रिकामा होता, शाल्मली झोपली होती. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं आणि किती तरी दिवसांनी पाठ सीटला टेकली.

कळ्याच्या पुढे उसाची वाहतूक लागली. हंगाम होता. एक ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, दोन्हींवर ऊस इतका रचलेला की पुढचं काही दिसेना, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या टपावर मोठ्यानं वाजणारा कर्णा. आम्ही त्याच्या मागे पंधरा मिनिटं होतो. मागच्या ट्रॉलीतली टिपरं हवेत डोलत होती.

"मुहूर्त चुकतोय," दिग्विजय म्हणाला.

"चुकू दे. हळूच जाऊ या."

"हळू काय? दोन नंबर कशासाठी घातलाय मग?"

त्यानं बाजूला डोकावून पाहिलं. एक सरळ पट्टा होता, त्याच्या शेवटी वळण. त्यानं इंडिकेटर दिला, गाडी उजवीकडे काढली आणि पाय दाबला.

सायलेन्सर ओरडला. गाडी मात्र ओरडली तेवढी निघाली नाही. मागची ट्रॉली शेजारी आली आणि शेजारीच राहिली. पुढची ट्रॉली अजून पूर्ण बाकी, तिच्यापुढे ट्रॅक्टर. दिग्विजय स्टिअरिंगवर वाकला.

"ये, ये, ये. आत्ता घेतीय बघ, मधे उचलतीय ती," तो म्हणत होता, "उचल की."

वळणावरून लाल एसटी बाहेर आली.

तो अजूनही पाय दाबूनच होता. मधे पोकळ नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं ना. कुठल्याही क्षणी गाडी उचलेल म्हणून तो थांबला होता.

"दिग्विजय, मागे घे!" मी किंचाळले. "नाही उचलणार ती! कंपनीचं डोकं आहे! दोन्ही वेळेला कंपनीचंच होतं!"

त्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं. अर्धा क्षण. मग ब्रेक लागला. पिशव्या पुढे आल्या, चांदीची वाटी कुठेतरी खणखणत गेली, ट्रॉल्या आमच्या शेजारून पुढे सरकल्या, उसाच्या टिपरांनी डावा आरसा मुडपून टाकला, आणि आम्ही ट्रॉलीच्या मागे आत शिरलो तेव्हा एसटी हॉर्न लावूनच शेजारून गेली. तिच्या ड्रायव्हरनं मान बाहेर काढली होती.

"घरात कोण वाट बघत न्हाई व्हय रं?"

दिग्विजयनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. ट्रॅक्टर कर्णा वाजवत दूर गेला. शाल्मली जागी झाली होती, पण रडत नव्हती. पट्ट्यांत घट्ट होती.

तो आरशात बघून म्हणाला, "दोन्ही?"

"दोन्ही."

"पुण्याची पण नाही, भाईंची पण नाही?"

"नाही. मीच सांगितलं होतं त्यांना. काल, तुम्ही चहाला गेलात तेव्हा. त्यांनी दोनदा नको म्हटलं. म्हणाले, माझी सहा महिन्यांची मेहनत हाय त्यात, वहिनी. मी म्हटलं, बाळ असणार आहे गाडीत. मग त्यांनी कंपनीचीच ठेवली."

त्यानं मोबाइल काढला आणि स्पीकरवर टाकला.

"भाई, आमच्या गाडीत डोकं कुठलं आहे?"

पलीकडे मागे कुठेतरी हातोडा चालू होता. तो थांबला.

"वहिनी शेजारी हायेत का?"

"आहे."

"मग त्यांनाच इचारा की."

"विचारलंय. मला एकच सांगा. तुमची फाइल असती, तर दोन ट्रॉल्यांचा ऊस ओलांडून गाडी निघाली असती का?"

"निघाली असती, साहेब," बाबालालभाई म्हणाले. मग घाईनं, "का? काय झालं? बाळ बरं हाय न्हवं?"

"बरं आहे," म्हणून त्यानं फोन ठेवला. माझ्याकडे वळला. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"निघाली असती."

"आणि कंपनीचं डोकं आहे हे तुला माहीत असतं, तर तू बाहेर काढली असतीस?"

"वेडा आहे का मी?"

"मग?"

"मग काय मग? मला माहीत नव्हतं, हेमा! तू मला माहीत होऊ दिलं नाहीस!" एवढ्या मोठ्यानं तो माझ्यावर कधी बोलला नव्हता. "सांगायचंस ना. भांडायचंस. गाडीत बसणार नाही म्हणायचंस. मी ऐकलं नसतं असं वाटलं तुला?"

"महिनाभर तुम्ही एकमेकांचं तरी ऐकत होतात का?"

तो खाली उतरला. गाडीभोवती एक फेरी मारली, मुडपलेला आरसा सरळ केला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मी शाल्मलीला सीटमधून काढून छातीशी धरलं. तिच्या नाकाखाली बोट धरलं. या मुलीच्या दुधात, पाण्यात, कपड्यांत काय असेल ते मी शोधून शोधून काढत असे. तिच्या बापाच्या हातात खोटं मी घालून दिलं होतं, आणि मागे बसून वर हूं हूं म्हणत होते.

"माझं चुकलं," मी खिडकीतून म्हणाले.

त्यानं मान हलवली. मग खिडकीशी वाकला आणि अगदी हळू आवाजात, खरंच कळून घ्यायचं असल्यासारखं म्हणाला, "पण हेमा, दोन नंबरला पिकअप जास्त होता गं."

"नव्हता."

"थोडा तरी?"

"दिग्विजय, एकच फाइल होती."

"इंजिन तापलं होतं ना तोवर. त्यानं फरक पडतो." मग तो स्वतःच थांबला आणि तोंडावरून हात फिरवला. "सत्यजितनं काल रात्री पुण्याला आभाराचा मेल पाठवलाय. दोन पानांचा. अर्धा मी सांगितलाय."

मला हसू आलं, आणि त्याच्याबरोबर रडूही. त्यालाही बहुतेक. पण आम्ही दोघांनी दुसरीकडे पाहिलं.

"उद्या गॅरेजात जाऊ," तो म्हणाला. "सत्यजितला घेऊन. भाईंना तो जे म्हणाला ते त्यानं परत घ्यायचं. आणि का परत घ्यायचं ते तू सांगायचंस. सगळ्यांसमोर."

"सांगते."

"आता तू चालव." त्यानं खिडकीतून किल्ली पुढे केली. "मला नाही जमणार."

लग्नाआधीपासून मी गाडी चालवत असे. पोट दिसायला लागल्यापासून स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मी शाल्मलीला पुन्हा पट्ट्यांत बसवलं, तो तिच्याशेजारी बसला, आणि मी गाडी सुरू केली. दहा मिनिटांत तोच ट्रॅक्टर पुन्हा पुढे आला. मी त्याच्या मागे राहिले. त्यानं हात दाखवून दोनदा वाट दिली, तरी मागेच राहिले, तो कारखान्याकडे वळेपर्यंत. करूळचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. मागून दिग्विजय एकदाही "ब्रेक" म्हणाला नाही. त्याचा उजवा पाय मात्र जमिनीवर दाबला जात असल्याचा आवाज मला प्रत्येक वळणावर येत होता.

वैभववाडीला पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. आई ओसरीवरच उभी.

"मुहूर्त टळलो गो! खंय अडाकलात?"

"ऊस होता रस्त्यात," दिग्विजय म्हणाला.

"बरां केलात, घाई केलात नाय ती." आईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि माझ्याकडे वळली. "बघ. आणि तू फोनार सारखी भितंय, जावई गाडी जोरात हाकतत म्हणून. नवऱ्यावर जरा इश्वास ठेव."

मी शाल्मलीचं टोपडं सारखं करत राहिले.

"अर्ध्या वाटेपासून तिनंच चालवली, आई," दिग्विजय म्हणाला. "घाटसुद्धा."

आईच्या हातातला तुकडा तसाच राहिला. "ह्या लेकराक घेवन? घाटात? वर्षभर गाडीक हात लावलंय नाय आणि... अगो, तुझां डोक्यां जाग्यार आसा मां?"

"आहे, आई," दिग्विजय म्हणाला. "कंपनीचंच आहे."

आईला ते कळलं नाही. तिनं आम्हाला आत ढकललं, कारण मुहूर्त गेला तरी पोर उपाशी ठेवायची नसते. माझा धाकटा भाऊ गुरुनाथ नवा सदरा घालून पाटावर बसला, शाल्मलीला त्याच्या मांडीवर दिलं. चांदीची वाटी सीटखाली सापडली होती, तिला एक पोचा आला होता. खिरीनं भरून ती मी त्याच्यापुढे धरली. त्यानं चमचा तिच्या ओठांना लावला. तिनं तोंड वाकडं केलं, जिभेनं थोडी बाहेर ढकलली, विचार केला, आणि मग गिळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हाच माझा हात सुटल्यासारखा थरथरायला लागला. खीर वाटीच्या काठावरून सांडायला लागली. आई बघत होती.

दिग्विजयनं पुढे होऊन वाटीखाली आपला हात धरला, माझ्या हातासकट.

"मुंग्या आल्यात तिला," तो आईला म्हणाला. "आमच्या गाडीचं स्टिअरिंग जड आहे."